खालचा अर्धा आवाज

लाउडस्पीकर म्हटलं की लोकांना मांडवातला कर्णा आठवतो. माझा तसला नव्हता. तो जमिनीवर उभा राहायचा, माझ्या छातीइतका उंच, सागवानी कपाटासारखा, आणि तोंडावर तपकिरी जाळीचं कापड. कापडाच्या आत परातीएवढा कागदी कोन. सांगलीत तसा दुसरा कुणाकडं नसावा, आणि असला तरी मला काय करायचंय. लोक म्हणायचे, गडी लढाईवरनं आला आणि साहेबाचं खूळ घेऊन आला. म्हणोत बापडे. मी तो गाणी ऐकायला घेतलाच नव्हता. मला तो एका तबकडीसाठी हवा होता, आणि तबकडी आईची होती.

पहिल्यापासनं सांगतो, नाहीतर कळायचं नाही.

आम्ही दोघं भाऊ, दोघंही फौजेत. आमच्याकडं घरटी एक तरी जायचाच, आमच्या घरातनं दोन गेले एवढंच. गाव शिराळ्याच्या बाजूला. वडील आमच्या लहानपणीच वारलेले, त्यामुळं घरात आई एकटी. मी वायरलेसवर, ब्रह्मदेशाच्या हद्दीला. धाकटा पायदळात, इटलीत. तो तिथंच पडला. लग्न व्हायचं होतं त्याचं. आईनं एक-दोन ठिकाणी बोलून ठेवलं होतं. तार आली ती शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवली. आणि तारेनंतर बऱ्याच दिवसांनी पोस्टातनं एक चपटं पुठ्ठ्याचं पाकीट आलं. पाकिटावर आमचं गाव, आईचं नाव, पाठवणारा म्हणून भावाचा नंबर. आत काळी तबकडी.

तेव्हा पलटणींमधनं एक मोटार हिंडायची. तिच्यात तबकडी कापायचं मशीन असायचं. जवानानं मशीनपुढं उभं राहायचं, मिनिटभर घरच्यांशी बोलायचं, की ते बोलणं तबकडीवर उतरायचं आणि तबकडी पोस्टानं घरी जायची. मी स्वतः ती मोटार आमच्या तळावर बघितली आहे. सगळ्यांचं बोलणं एकच. मी खुशाल आहे, काळजी करू नका. दुसरं काय बोलणार? मागं सुभेदार उभा आणि त्याच्या मागं रांग.

गावात चावीचा फोनो एकच, पाटलांच्या माडीवर. आईनं तबकडी तिथं नेली. पोस्टात ती खरवडून आली होती, त्यामुळं पहिल्या खेपेलाच "आये" आणि शेवटचं "काळजी करू नगंस" एवढंच उमटलं, बाकी खरखर. आई मला पुढं सांगायची, "आदी वाटलं तारच खोटी. तार म्हंजे काय, कागुद. हितं तर पोरगं त्वांडानं बोलतंय." मास्तरांनी तिला समजावलं की हे बोलणं आधीचं, तार नंतरची, पोस्टात उशीर झाला. तिला ते समजलं. पण त्यानंतर जो कुणी भेटायला येईल, त्याला घेऊन ती पाटलांच्या माडीवर जायची. दुखवट्याला आलेली माणसं, तिची माहेरची, मामाकडची, आत्याकडची, शेजारच्या वाडीवरची. सगळ्यांना ऐकवायचं. फोनोची सुई पोलादी, बाजारच्या कडक तबकडीसाठी केलेली. ही तबकडी तसली नव्हती, पत्र्यावर लाखेसारखा मऊ लेप होता नुसता. नांगराच्या फाळानं लोणी कापावं तसं झालं. वर्षभरात तिची पार चाळण झाली.

वाजवून झाली की तबकडी देव्हाऱ्यात. आणि खंडेनवमीला आमच्याकडं घरातलं झाडून सगळं हत्यार पुजतात. कोयता, कुऱ्हाड, पाभर, नांगर, मोट. आईनं त्यांच्यात तबकडी मांडली. हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान. दर वर्षी. बोट ओलंच असतं, नाहीतर कुंकू लागणार कसं? ते लावायची ती मधल्या कागदावर, आणि हळद कडेनं. मधल्या कागदावर काय लिहिलेलं होतं, ते आईला वाचता येत नव्हतं, आणि पाकिटावर नाव होतंच म्हणून मास्तरांनीही ते वाचून बघितलं नव्हतं.

मी शेहेचाळीसला सुटून घरी आलो तेव्हा तिनं मला पाणीसुद्धा नीट पिऊ दिलं नाही. पाटलांच्या माडीवर नेलं. मी ऐकलं. सुरुवातीला कढईत मोहरी तडतडावी तसं काहीतरी, मग त्या तडतडीच्या पाठीमागनं "आये". मग पुन्हा तडतड, बराच वेळ. शेवटी "काळजी करू नगंस". संपलं. आई माझ्या तोंडाकडं बघत होती. माडीवर जमलेली सगळीच माणसं बघत होती. आता हा रडणार, म्हणून बायकांनी पदर हातात धरून ठेवले होते.

मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर काहीच आलं नाही. पाय आखडून बसलं की मुंग्या यायच्या आधी तो पाय आपला नसतो, तसं मला सगळंच अंग झालं होतं. ते आल्याबरोबर झालं असंही नाही. तिकडनंच घेऊन आलो होतो. गावात बोलणी सुरू झाली. भाऊ गेला तरी टिपूस नाही गड्याच्या डोळ्यांत. एका चुलतीनं तर तोंडावर विचारलं, काळजाच्या ठिकाणी काय दगड घालून घेतलास का बाबा. मी म्हणालो, व्हय, सरकारी हाय, परत द्यायचाय. त्यानंतर मला कुणी विचारलं नाही, पण गावात बसवेना.

आईचा मात्र एकच ध्यास. मधे तो काय म्हणतो? त्यावर गावात मतं होती. पाटलांचं म्हणणं, तो पांढऱ्या बैलाचं विचारतोय. मास्तर म्हणत, देवीला नारळ फोडा असं आहे. चुलती शपथेवर सांगायची की लग्नाचं बोलतोय, पोरगी बघून ठेवा म्हणतोय. आई सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि मला म्हणायची, "तू तारंतनं बोलनं ऐकायचं शिकलायस न्हवं सरकारात? मग मला येवडं काडून दे. येकदा नीट ऐकू दे काय म्हनतोय. मला दुसरं काय नगं." तिनं माझ्याकडं आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नव्हतं. मी हो म्हणालो.

सांगलीत मला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम लागलं. मालक जैन, पिढीजात भुसारी, भावानं भुसार सांभाळलं म्हणून यांनी रेडिओ धरला. माणूस गाण्याचा वेडा आणि जिभेचा तिखट. फौजेतनं सुटून आल्यावर माझं लग्न झालं होतं, गावभागात दोन खोल्या बघून मी बायकोला घेऊन आलो. दिवसभर लोकांचे रेडिओ उघडायचे, व्हॉल्व्ह म्हणजे आतले काचेचे दिवे बदलायचे, आणि डोक्यात ती तबकडी.

विचार माझा असा होता. फोनोच्या पत्र्याच्या कर्ण्यातनं माणसाचा वरचा अर्धा आवाज तेवढा येतो, नाकातला. छातीतला खालचा अर्धा येतच नाही. आणि तडतड सगळी वरच्या भागात असते. मग खालचा अर्धा नीट काढला आणि वरची तडतड थोडी दाबली, तर बोलणं बाहेर येईल. त्यासाठी पोलादी सुई नको, आणि दुकानात होते तसले टिचभर लाउडस्पीकर उपयोगाचे नाहीत. मोठाच पाहिजे. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "मोठा म्हंजे केवढा?" मी हात छातीपर्यंत नेला. म्हणाले, "मग घर पण मोठं बघ, गड्या."

साहेब लोक जायला लागले तेव्हा साताऱ्याच्या कॅम्पात बंगल्या-बंगल्यांपुढं सामानाची विक्री निघाली. मी तिथं गेलो तर जत्रा. ज्याला जे दिसेल ते घेत होता. एका भल्या माणसानं सूप वाढायचं चिनी मातीचं भांडं घेतलं, ते पुढं त्याच्या घरी तुळशीला पाणी घालायला होतं म्हणे. व्हरांड्याच्या कोपऱ्यात हे कपाट उभं. कुणी त्याचं दार शोधत होतं, सापडेना म्हणून लाथ मारून गेलं. बंगल्याचा खानसामा म्हणाला, याचा अँप्लिफायर आणि तबकडी फिरवायचं यंत्र साहेबानं आधीच पुण्याला एकाला देऊन टाकलं, हे एकटंच राहिलंय, कुणी घेईना. बरोबरच आहे. घोड्याशिवाय टांगा कोण घेणार? मी घेतला.

गुळाच्या ट्रकातनं तो सांगलीला आला. आठवडाभर त्याच्यातनं मुंगळे निघत होते. बायकोनं त्याच्याभोवती हळदीची रेघ ओढली आणि विचारलं, "हे पाव्हणं किती दिवस ऱ्हानार?"

मग सुरू झालं जुळवाजुळवीचं. चांगला लाउडस्पीकर घरात आणला की झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आणून बघावा. पहिल्यांदा मी त्याला दुकानातला साधा रेडिओ जोडला. मांजराच्या पिलाएवढा आवाज. मालक बघायला आले होते, ते म्हणाले, "पैलवानाला चमच्यानं पेज पाजतोयस." त्याचं चुंबक आपल्या आताच्यासारखं कायमचं नव्हतं. तारेची जाड गुंडाळी होती, तिला वेगळी वीज दिली तरच ते जागं व्हायचं. ती वीज द्यायची सोय केली. मग ताकदीचा अँप्लिफायर हवा. तो मिळाला एका मोडलेल्या तंबू सिनेमाचा. मिरजेच्या बाजूला त्याचं सामान पडून होतं. तो जोडला तर आवाज मोठा झाला, पण तोंडात तंबाखूचा बार धरून कुणी बोलावं तसा. म्हणजे ताकद होती, पण जोडी जमत नव्हती.

अँप्लिफायर आणि लाउडस्पीकर यांच्या मधे एक ट्रान्सफॉर्मर असतो. तो म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ. तिकडची मागणी काय, इकडची ऐपत काय, हे त्यानं बघायचं. सिनेमावाल्याचा ट्रान्सफॉर्मर कर्ण्यांची सोयरीक जुळवायचा. माझ्या कपाटाला तो उपयोगाचा नव्हता. तेव्हा तो सोडवला आणि हातानं नवीन गुंडाळला. केसासारखी तार, मधे मेणकागद, एक वेढा चुकला की सगळं उसवा. उसवलं बऱ्याचदा. रागानं एकदा ते रीळ मी अंगणात फेकलं. बायकोनं उचलून आणलं, पदरानं पुसलं आणि पुढ्यात ठेवून म्हणाली, "येवडा येळ जात्यावर बसला असता तर पायलीभर पीठ झालं असतं." आणि समोर बसून तार धरली.

जागेचंही तसंच. कोपऱ्यात ठेवला की तो नुसता गुरगुरायचा, प्रत्येक शब्दाला घागरीत तोंड घातल्यासारखा घुमारा. भिंतीपासनं ओढत ओढत अखेर खोलीच्या मधोमध आला. खाली पोत्याच्या घड्या. आता स्वयंपाकघरात जायचं तर अंग चोरून जायला लागायचं, आणि बायको तेव्हा दिवसात होती. ती जाताना त्याला एक चापट मारायची. रात्री दिवे लागले की आमच्या गल्लीत वीज मंदावायची आणि त्याचा दम जायचा, म्हणून सगळं काम दुपारचं, दुकान बंद असताना.

तबकडी फिरवायचं यंत्र दुकानातलंच आणलं, पण सुई केली बाभळीच्या काट्याची. वाळलेला पांढरा काटा, घासून टोक बारीक केलेलं. पोलादी सुई जिथं घासली त्याच्या खाली, रेघेच्या बुडाशी तो जायला हवा, तिथं लेप अजून शाबूत असणार. तबकडीवर भार पडू नये म्हणून पिकअपच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, मागच्या अंगाला शिशाचं वजन बांधलं.

सगळं जुळलं त्या दिवशी मालक आपली आवडती तबकडी घेऊन आले, एका म्हाताऱ्या गवयाची. लावली. गवयाच्या आधी तंबोरा सुरू झाला आणि त्याची खालची तार फरशीतनं पायाला लागली. मालकांनी डोळे मिटले. गाणं संपलं तेव्हा त्यांच्या गालांवर ओघळ होते. म्हणाले, "मिरजेत तंबोरा करणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो, तेव्हा असा ऐकला होता." शेजारपाजारची माणसं दारात गोळा झाली होती. मी ऐकत होतो. आवाज स्वच्छ होता, खाली भरलेला होता, कुठं फाटत नव्हता. मला काही वाटलं नाही. मी म्हणालो, "डावीकडचा व्हॉल्व्ह जरा जास्त तापतोय." मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांच्या ताटात थुंकलो. पण आतनं काही हलत नसेल तर माणसानं काय करायचं? वाटल्याचं सोंग मला कधी जमलं नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा आईला आणायला गावी गेलो. कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार, चढाला उतरून ढकलायची. तबकडी आईनं खणात गुंडाळून दोन पाटांच्या मधे बांधली होती. टपावर ठेवू दिली नाही, मांडीवर धरून बसली. वाटेत बोलली ती एवढंच, "बैलाचंच असंल. लय जीव हुता त्येचा त्या बैलावर."

घरी आल्यावर तिनं कपाटाकडं खालनं वरपर्यंत बघितलं. मग पिशवीतनं करंडा काढला. मी म्हणालो, "आये, लाकडाला लाव, कापडाला नगं." तिनं लाकडाला हळदीकुंकू लावलं, हात जोडले. दुपारी जेवणं झाल्यावर मी तबकडी सोडली आणि सुती फडक्यानं पुसायला घेतली. हळद रेघांमधे घट्ट बसली होती. ओढली की लेपासकट निघत होती. कडेच्या पहिल्या काही रेघा गेल्याच. मधला कागद तर कुंकवानं लालभडक, शाईचं नामोनिशाण नाही. म्हटलं असू दे, आपल्याला मधलं ऐकायचंय.

आई समोर पाटावर बसली, डोक्यावरचा पदर नीट केला. बायको आतल्या दारात उभी. मी काटा ठेवला.

तडतड होती, पण लांब गेली होती, पत्र्यावर पाऊस पडावा तशी. सुरुवातीचं बोलणं हळदीबरोबर गेलं होतं, तिथं नुसती खरखर. आणि मग तो बोलला. "आये."

पहिल्याच शब्दाला मला कळलं. हा माझा भाऊ नव्हता.

भावाचा आवाज बारीक. मिसरूड फुटलं तरी शिमग्यात बोंब ठोकली की चिरकायचा, पोरं चिडवायची त्याला. हा आवाज रुंद छातीचा, चांगल्या पस्तिशीच्या माणसाचा, तंबाखूनं खरबरलेला. कर्ण्यातनं त्याचा वरचा अर्धा तेवढा यायचा, तिथं सगळीच माणसं नाकात बोलतात, सगळीच आपली वाटतात. मी खालचा अर्धा काढून दिला आणि त्या खालच्या अर्ध्यात हा दुसराच कुणीतरी उभा होता. पाकीट आमचं, आत तबकडी भलत्याची. कुठंतरी, कुणीतरी, रांगेनं पाकिटं भरताना एक घर चुकलं होतं.

पिकअप उचलावा म्हणून माझा हात पुढं गेला. व्हॉल्व्ह गेला म्हणून सांगता आलं असतं. पण आई पुढं वाकून ऐकत होती, आणि तिच्या आणि त्या आवाजाच्या मधे हात घालायचं मला धाडस झालं नाही. तो बोलतच होता, सावकाश, एकेक शब्द सुटा. जो मधला भाग तिला इतकी वर्षं हवा होता, तो आता स्वच्छ येत होता.

"पोरीचं कान टोचलं का? टोचलं नसलं तर टोचून घ्या. पंचमीला तिच्या आईला म्हायेरी धाडा. आन् पोरीला माझा फटू दावत जावा रोज. न्हाईतर मी आल्यावर मला वळखायची न्हाई. मी खुशाल हाय. काळजी करू नगंस."

मग शेवटच्या रेघेत काटा फिरत राहिला, टक, टक. मी उचलला. बायको दारातनं आत निघून गेली.

आई म्हणाली, "परत लाव."

परत लावली. या खेपेला तिनं डोळे मिटून घेतले होते. संपल्यावर तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, "ह्यो आपला न्हवं."

"न्हवं, आये."

"तुला कवा कळलं?"

"पयल्याच शब्दाला."

"मग मला येवडी वर्सं कसं न्हाई कळलं? मी आय हाय न्हवं त्येची?"

मी तिला समजावायला लागलो. पाटलांच्या फोनोला खालचा आवाज नसतो, त्याच्यात कुणाचाही आवाज कुणाचाही वाटेल, त्यात तिची काही चूक नाही. बोलता बोलता माझ्याच ध्यानात आलं की मी तिला ट्रान्सफॉर्मरचं सांगतोय. मला राग आला. त्या कपाटाचा, त्या काट्याचा, त्या पाकिटं भरणाऱ्याचा. एवढा खटाटोप करून मी आईच्या हातातनं जे होतं नव्हतं ते काढून घेतलं होतं. राग आला हे मला स्पष्ट आठवतं, कारण किती दिवसांनी काहीतरी आलं होतं.

आई म्हणाली, "कुनाचा हाय मग? नाव असंल की वर. त्येच्या घरला धाडून देऊ. बायको हाय, पोरगी हाय त्येला."

मी तबकडी तिच्यापुढं धरली. मधला लाल कागद. तिनं तो बघितला, उचलून उजेडाकडं केला, जणू तिला वाचता येणार होतं. मग तबकडी मांडीवर ठेवली आणि आपल्या उजव्या हाताच्या करंगळीजवळच्या बोटाकडं बघत बसली, ज्यानं कुंकू लावतात त्या.

"म्याच पुसलं म्हन की," ती म्हणाली.

मी म्हणालो, बोलण्यातही त्यानं नाव-गाव सांगितलं असणार, पण ते कडेच्या रेघांत होतं. तेही गेलं. हे मी तिला का सांगितलं, मला माहीत नाही. खरं होतं म्हणून सांगितलं.

"आन् आपल्याचा आवाज?" तिनं विचारलं.

"असंल कुनाच्या तरी घरात."

"त्येंनी तरी पुसलं नसंल नाव," ती म्हणाली. तबकडी तिनं पुन्हा खणात गुंडाळली. "ऱ्हाऊ दे माज्याकडं. कोन हुडकत आलं तर द्याया पायजे."

बायकोनं चहा आणला. आईचा पेला समोरच निवून गेला, साय धरली. मी कपाटाच्या मागं जाऊन तारा सोडवल्या. त्याला हात लावला तर अजून कोमट होता. बाहेर शाळा सुटलेली पोरं ओरडत गेली. मी पाना-पकड आवरून खोक्यात भरली, फरशीवर पडलेला काटा उचलून टाकून दिला. भावाचा आवाज आठवून बघितला. आठवला, चिरकलेला, पण त्यानंही काही झालं नाही.

मग आई पाटावरनंच, मला नाही, असंच समोर बघत म्हणाली, "टोचलं असतील का रं त्या पोरीचं कान?"

मी म्हणालो, "टोचलं असतील, आये." म्हणालो आणि मला रडू फुटलं. भावाच्या नावानं आलं नव्हतं, पाटलांच्या माडीवर एवढी माणसं वाट बघत होती तेव्हा आलं नव्हतं, ते त्या परक्या पोरीच्या कानांवरनं आलं आणि मला थांबवता येईना. मी कपाटाला टेकून खाली बसलो. आतनं बायको धावत आली. आई आली नाही. तान्ही असंल तवा, ती पुटपुटत होती, मग आता किती, आणि बोटांवर त्या पोरीचं वय मोजत होती.